परतीचा डबा

आण्णा वरुटे एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर झाले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्या कॉलनीच्या आक्का, तेव्हा गिरणीत दळण आणायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर आण्णा कमरेला टॉवेल गुंडाळून ओट्यापाशी उभे आणि फडताळातले सगळे डबे खाली फरशीवर.

"आता तू बस," आण्णा म्हणाले. "लई वर्सं केलंस. हितनं पुढं मी."

आक्का बसल्या. पहिला आठवडा त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात आमटीला मीठ कमी आहे असं त्यांनी एकदा सांगून बघितलं. त्यावर, गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये, एवढंच आण्णांनी सांगितलं. तिसऱ्या आठवड्यापासून आक्का दुपारच्या बचत गटात जायला लागल्या.

आण्णांना स्वयंपाक येत होता, यात शंका नाही. तो आला होता मुक्कामाच्या गाड्यांमधून. राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एखाद्या गावात गाडी वस्तीला थांबली की ड्रायव्हरनं स्टो पेटवायचा आणि आण्णांनी हाताला लागेल ते शिजवायचं. गावातली माणसं जे पिकेल ते आणून द्यायची. पावसाळ्यात कुर्डू, भारंगीसारख्या रानभाज्या, थंडीत पावट्याच्या शेंगा, उन्हाळ्यात कोवळा फणस. त्यामुळं जिल्ह्यातल्या कुठल्या गावात कुठल्या महिन्यात काय चांगलं मिळतं हे आण्णांना तोंडपाठ होतं, आणि अवेळी आलेली भाजी त्यांना बघवायची नाही. एकदा भर मे महिन्यात त्यांनी भाजीवालीच्या पाटीतला फ्लॉवर उचलला, डोळ्यासमोर धरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या दिवसात तोंड वर करून आलास? लाज न्हाय वाटत?" भाजीवालीला वाटलं, तिलाच म्हणाले. तिथं बरंच काही झालं मग.

त्यांची दुसरी खोड म्हणजे दोघांपुरतं शिजवणं त्यांना जमायचं नाही. हात चालायचा तो भरलेल्या गाडीच्या हिशेबानं. मग ते सगळं वाटायला निघायचे, आणि वाटणं म्हणजे काय, तर फाटक वाजवायचं, डबा हातात कोंबायचा आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत जागचं हलायचं नाही.

हे काहीच ठाऊक नसताना आम्ही त्यांच्या शेजारचं घर घेतलं. मी दत्तप्रसाद, हायस्कुलात भूमिती शिकवतो. माझी बायको इरावती कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याआधी आम्ही कोल्हापुरातच पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये होतो. तिथं शेजारी कोण राहतं हे कुरिअरवाल्याला ठाऊक असायचं, आम्हाला नाही. फुलेवाडीच्या बाजूला, या बैठ्या घरांच्या कॉलनीत आम्ही सामान उतरवत होतो, कपाट अजून दारातच अडकलेलं होतं, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"पावणं, कपाट ऱ्हाऊ द्या. आधी खावा."

मी वळून बघितलं. पांढरा शर्ट, लेंगा, टक्कल, भरघोस मिशा आणि हातात पाच लिटरचा स्टीलचा डबा. डब्यात कोवळ्या फणसाची भाजी होती. आम्ही दोघांनी आणि दोन हमालांनी त्या अडकलेल्या कपाटाच्या दोन बाजूंना उभं राहून ती भाजी खाल्ली. भाजी इतकी सुरेख होती आणि इतकी तिखट होती की कौतुक करायला मला तोंड उघडता येईना. हमालांनी मात्र दुसऱ्यांदा घेतली.

"कसं काय?" आण्णांनी विचारलं.

"छान," मी डोळे पुसत म्हणालो.

"रडायला काय झालं? आपल्याच गावात आलाय की."

गोष्ट इथंच संपली असती. पण शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे इरावतीला तिच्या आईनं शिकवलेलं. इरावती स्वयंपाक करते तो पोट भरण्यापुरता. त्यात तिला कधी अभिमान नव्हता आणि लाजही नव्हती. तिनं साबुदाण्याची खिचडी केली, डबा नीट पुसून त्यात भरली आणि मी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा कुंपणावरून डोकावले.

"वैनी, खिचडी खाल्ली."

इरावती हसून थांबली.

"चवीला बरी हाय. पण चिकटलीया अशी की, कॅलेंडर लावलं न्हवं भिंतीला, तर वर्सभर पडायचं न्हाय."

यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. कोल्हापुरात खरं ते ओरडूनच सांगतात. पण इरावती त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. आण्णांशी नव्हे, माझ्याशी. डबा मी नेऊन दिला होता ना.

पुढं आषाढात भारंगीची भाजी आली. कडू होती. "कडूच असत्या," आण्णा म्हणाले, "औषध हाय. वरीसभर खोकला न्हाय." मग कुर्डूची आली. मग अळूचं फदफदं आलं. दर खेपेला एक डबा आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि इरावती त्याच्याकडं तपासायच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडं बघावं तशी बघायची. आम्ही फळं भरून पाठवून बघितली. केळी परत आली. "केळी काय, झाडाला लागत्यात. हातचं कायतरी द्या," असा निरोप.

श्रावणात एकदा कॉलेजातून येताना इरावती राजारामपुरीत थांबली. तिथं घरगुती पदार्थांचं एक छोटं दुकान होतं. घराजवळच्या दुकानातलं काही आण्णांना ओळखू येईल म्हणून तिनं मुद्दाम लांबचं दुकान शोधलं होतं. तिथून तिनं ओल्या नारळाच्या वड्या घेतल्या, खोका गाडीच्या डिकीत लपवला आणि वड्या आण्णांच्या डब्यात रचल्या. त्या घरच्या वाटाव्यात म्हणून दोन वड्यांचे कोपरेसुद्धा मोडले.

अर्ध्या तासात फाटक वाजलं.

"वैनी! ही वडी तुमी केलीसा?"

आता इथं माझ्या बायकोनं काय करायला हवं होतं हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. पण खिचडी आडवी आली. ती "हो" म्हणाली. भूमितीत एक पायरी खोटी लिहिली की पुढच्या सगळ्या पायऱ्या खोट्याच लिहाव्या लागतात. आम्ही गणेशोत्सवापर्यंत चौथ्या पायरीवर पोचलो होतो.

आण्णा एकदा कौतुकाला लागले की त्यांना आवरणं कठीण. किराणा दुकानात, एसटीच्या पेन्शनरांच्या बैठकीत, दाढी करताना न्हाव्याकडं, सगळीकडं त्यांनी इरावतीची वडी पोचवली. गौरीच्या वेळी आम्ही करंज्या पाठवल्या, त्या त्यांनी कॉलनीभर एकेक फोडून खायला घातल्या. दिवाळीला तर इरावतीची मती गुंग झाली होती असंच म्हणायला हवं, कारण ती करंज्यांबरोबर अनारसेही घेऊन आली. ज्या बाईची खिचडी भिंतीला चिकटते तिनं अनारसे करावेत, यावर कुठल्याही शहाण्या माणसाला संशय आला असता. आण्णांनी अनारसा उन्हात धरून त्याची जाळी बघितली.

"आरपार दिसतंय!" ते आक्कांकडं वळून म्हणाले. "बघ, अनारसा असा असतोय. तुझा अनारसा गाडीच्या ब्रेकला बसवला असता. शिक जरा वैनींच्याकडनं."

आक्कांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "बरा हाय."

त्यानंतर चारच दिवसांनी त्या आमच्याकडं आल्या. दिवाळीची सुट्टी होती, आम्ही दोघंही घरी होतो. आण्णा शेंगा आणायला बाहेरगावी गेले होते. आक्का फार कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा इकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यांनी पदराखालून एक करंजी काढून आमच्या टेबलावर ठेवली. आम्हीच दिवाळीला पाठवलेल्यांपैकी होती.

"वैनी, हिची मुरड बघा."

इरावतीनं बघितली. मीही बघितली. आम्हाला मुरड दिसली, दुसरं काही दिसेना.

"सगळं कोल्हापूर मुरड उजवीकडनं घालतंय," आक्का म्हणाल्या. "ही डावीकडनं घातलीया. मी डावरी हाय."

मला करंजीकडंही बघवेना आणि आक्कांकडंही.

"कुठनं घेतलासा?"

"राजारामपुरीतून," इरावती कशीबशी म्हणाली.

"आमच्याच गटाचं दुकान की ते. करतो आम्ही हितंच, मागच्या शेडात. मग रिक्षातनं तिकडं जातंय."

म्हणजे आमच्या घरापासून दोनशे पावलांवर झालेली करंजी रिक्षानं राजारामपुरीला जात होती, इरावतीच्या गाडीच्या डिकीतून लपतछपत परत येत होती आणि आमच्या डब्यातून, ज्या बाईनं ती केली तिच्याच घरी जाऊन, नवऱ्याकडून तिलाच नमुना म्हणून दाखवली जात होती.

इरावतीला रडू फुटलं. "मी आजच आण्णांना सगळं सांगते," ती म्हणाली.

आणि आक्का हसायला लागल्या. त्यांना मी असं हसताना कधी बघितलं नव्हतं, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "सांगू नका. लग्नाला एकेचाळीस वर्सं झाली. माझ्या हातचं खाऊन एकदा बी चांगलं म्हटलं न्हाईत. आता उठता-बसता म्हणत्यात. तुमच्या नावानं का हुईना, कानाला बरं वाटतंय. चालू द्या की शिमग्यापत्तोर."

"पण तुम्ही गटातलं घरी नेत नाही का कधी?" मी विचारलं.

"नेलतो की एकदा. 'गटाचं मशीनचं असतंय' म्हणाले. डबा उघडून बी बघितलं न्हाईत."

त्या दिवसापासून राजारामपुरीच्या फेऱ्या बंद झाल्या. आक्का मागच्या भिंतीवरून आमच्याकडं पुडा द्यायच्या, आम्ही तो डब्यात भरून पुढच्या फाटकातून त्यांच्या घरी पोचवायचो. कौतुक ऐकायला आक्का दारातच उभ्या असायच्या. कधी कधी त्या स्वतःच्याच पदार्थाला नाव ठेवायच्या, "गोड जरा जास्त झालंय," आणि मग आण्णा त्यांना झापायचे, "तुला कळतंय काय त्यातलं?" आक्का आमच्याकडं न बघता आत जायच्या. मला वाटतं, ते तीन महिने त्यांनी फार मजेत काढले.

जानेवारीत आण्णांनी ठरवलं की संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्या कॉलनीनं एकत्र जेवायचं. भोगीची भाजी आणि बाजरीच्या भाकरी, ऐंशी माणसांची. मोकळ्या प्लॉटवर मांडव घालायचा, भाजी ते करणार. इथपर्यंत ठीक होतं. पण पाटीवर खडूनं लिहून त्यांनी कॉलनीच्या तोंडावर जी सूचना लावली तिच्यात शेवटची ओळ होती: 'गूळपोळी कशी करावी, हे सौ. इरावतीवैनी सर्व महिलांना समक्ष करून दाखवतील.'

"तू पैल्या रांगंत बस," आण्णांनी आक्कांना सांगून ठेवलं.

"बसतो की," आक्का म्हणाल्या.

इरावतीनं आजारी पडायचा विचार केला. मी तिची बदली मागायचा विचार केला. शेवटी आक्कांनीच तीन दुपारी आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी घेतली. आण्णा त्या दिवसांत जिल्हाभर फिरत होते. वांगी मुरगूडच्या बाजारातलीच हवीत म्हणून मुरगूडला, पावट्यासाठी राधानगरीला, आणि मोठी कढई मागायला कबनूरच्या एका जुन्या ड्रायव्हरकडं.

गूळपोळी सांगायला सोपी आहे. कणकेच्या दोन लाट्या, मध्ये तीळ घातलेल्या गुळाची चपटी गोळी, कडा दाबायच्या आणि गूळ कडेपर्यंत पोचेल अशी लाटायची. म्हणजे तीन वर्तुळं, एकाच केंद्राची. हे मी इरावतीला आकृती काढून समजावलं. तिनं मला स्वयंपाकघराबाहेर काढलं. तिच्या पोळीचा प्रत्येक वेळी नकाशा व्हायचा आणि गूळ कोकणच्या बाजूनं बाहेर पडायचा. तव्यावर पडलेला गूळ जळतो तेव्हा जो धूर होतो त्यात आम्ही तीन दिवस राहिलो. बिघडलेल्या पोळ्या अर्थात मी खाल्ल्या. आक्का तिच्या मनगटाला धरून म्हणायच्या, "दाबू नका. वैनी, पोळीला मारायचं न्हाय. सरकवायची." तिसऱ्या दिवशी एक पोळी न फुटता तव्यावर फुगली. एकच. ती आम्ही मोडली नाही, ताटात ठेवून नुसती बघितली.

रविवारी आण्णांनी पहाटेपासून भाजी रटरटत ठेवली होती. वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वरून तिळाचा कूट. तिचा वास पार मुख्य रस्त्यापर्यंत गेला होता आणि ऐंशी माणसांच्या जेवणाला बारा वाजताच शंभर जमली होती. गटाच्या बायकाही होत्या, त्यांच्या पुढारी बयाबाईंसकट. शेगडी मधोमध मांडली होती, तवा तापला होता, आणि शेगडीमागं नवी साडी नेसून इरावती उभी होती. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं अंगावर पडणार असल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

पहिली पोळी लाटतानाच फाटली.

"पोळपाट वाकडा हाय!" आण्णा गर्जले. "दुसरा आणा!"

दुसरी तव्यावर फुटली. काळा धूर निघाला, पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले.

"गॅस मोठा हाय! सर, तुमी कशाला बघत उभारलाय? बारीक करा की!"

तिसरी तव्याला अशी चिकटली की मी आणि उलथनं दोघांनी मिळून ती खरवडली. आण्णांनी कणकेला दोष दिला, गुळाला दिला, वाऱ्याला दिला. इरावतीला दिला नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं असावं.

तेव्हा आक्का पहिल्या रांगेतून उठल्या. पदर खोचला, हात धुतले आणि इरावतीच्या बाजूला येऊन म्हणाल्या, "सरका वैनी."

त्यांनी डाव्या हातानं जोर देत लाटणं फिरवलं. दोन लाट्या, मध्ये गूळ, कडा दाबली, आणि पोळी जणू स्वतःच पोळपाटावर गोल गोल पसरत गेली. तव्यावर पडली, टम्म फुगली, उलटली. पातळ, खरपूस, आणि गूळ अगदी काठापर्यंत, काठाबाहेर थेंबही नाही. मांडवात कुणीतरी टाळी वाजवली.

"बगा!" आण्णांनी दोन्ही हात वर केले. "बगा! तीन पोळ्या नुसत्या बघितल्या आणि शिकली! ह्याला म्हणत्यात शिकवणं! वैनी, तुमी कालेजात वाया गेलासा!"

आणि त्यांनी तव्यावरची पोळी उचलली.

"गार हू द्या," आक्का म्हणाल्या.

पण ते ऐकणारे नव्हते. अर्धी पोळी मोडून त्यांनी तोंडात कोंबली. त्याच क्षणी इरावतीचा बांध फुटला.

"आण्णा, मी काही शिकवलं नाही! मला येतच नाही!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानं की कशानं कोण जाणे. "वड्या आक्कांच्या होत्या. करंज्या, अनारसे, सगळं आक्कांचंच होतं. मी दुकानातून आणून तुम्हाला माझं म्हणून सांगितलं. माझी फक्त खिचडी होती."

सगळे आण्णांकडं बघायला लागले.

आण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला. डोळे मोठे झाले, त्यांत पाणी तरारलं. त्यांनी एक हात वर केला आणि तसाच ठेवला.

"चिडल्यात," बयाबाई हळूच म्हणाल्या.

"मनाला लागलं," मागून कुणीतरी म्हणालं.

"भाजलंय त्यांना," आक्का म्हणाल्या. "गूळ टाळूला बसलाय." आणि चमचाभर तूप त्यांच्या तोंडात घालून म्हणाल्या, "चावू नका. चघळा."

तव्यावरचा गूळ टाळूला बसला की काय होतं ते ज्यानं खाल्लंय त्यालाच ठाऊक. बोलता येत नाही, गिळता येत नाही, थुंकावं तर शंभर माणसं बघताहेत. आण्णा वरुटे दिवसाउजेडी, जागे असताना, सलग दोन मिनिटं गप्प बसले, ही आमच्या कॉलनीतली पहिली वेळ. शेवटी घास खाली उतरला.

"ही तू केलीस?" त्यांनी बोबड्या जिभेनं विचारलं.

"व्हय."

"वडी बी?"

"व्हय."

"अनारसं?"

"व्हय."

आण्णांनी हातातल्या उरलेल्या पोळीकडं बघितलं. "मग मी चाळीस वर्सं काय खाल्लो?"

"गार," आक्का म्हणाल्या.

तेवढंच. पण ते ऐकून गटातल्या दोन बायकांनी माना खाली घातल्या, कारण त्यांना माहीत होतं. सणाच्या दिवशी जादा गाड्या सुटतात आणि कंडक्टरला सुट्टी मिळत नाही. आक्का पहाटे चारला उठून पोळ्या करायच्या, डबा बांधून द्यायच्या, आणि तो डबा दुपारी तीन-साडेतीनला कुठल्यातरी स्टँडवर, दोन फेऱ्यांच्या मधल्या दहा मिनिटांत उघडायचा. दिवाळीचे अनारसे ड्रायव्हरच्या बाजूला तापलेल्या इंजिनजवळ ठेवून पार रत्नागिरीपर्यंत जाऊन यायचे. मग ते ब्रेकला लावण्याजोगे नाही होणार तर काय? आणि ज्या रात्री आण्णा घरी असायचे त्या रात्री ते इतके दमलेले असायचे की पुढ्यात काय आहे हे त्यांना कळत नसे.

आण्णा शेगडीसमोर जमिनीवरच बसले. मांडी घालून, ताट पुढं ओढून.

"तव्यावरची आन," ते म्हणाले. आणि मग आवाज खाली आणून, त्यांना जमेल तितका खाली आणून, "जरा फुंकून दे."

त्यांनी नऊ पोळ्या खाल्ल्या. रांग थांबली होती, भाजी निवत होती, बयाबाई भाकरीचं टोपलं घेऊन ताटकळत होत्या, पण त्यांना उठवायचं धाडस कुणी केलं नाही.

जीभ चांगलीच भाजली होती. तीन दिवस त्यांना चव कळेना. पहिल्या दिवशी त्यांनी आमटी केली त्यात मीठ तीनदा पडलं. तेव्हा आक्कांनी त्यांच्या कमरेचा टॉवेल सोडून घेतला आणि त्यांना कट्ट्यावर बसवलं. आण्णांनी विरोध केला नाही, कारण बोलताही येत नव्हतं. चौथ्या दिवशी चव परत आली तोवर स्वयंपाकघराची वाटणी होऊन गेली होती. सकाळ आक्कांची, संध्याकाळ आण्णांची. गोड पदार्थ सगळे आक्कांचे, रानभाज्या सगळ्या आण्णांच्या. वांग्यावरून अजून वाद चालू आहे, तो आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येतो.

आमच्याकडं ते पाचव्या दिवशी आले. इरावती दारातच माफी मागायला लागली, तर त्यांनी हात हलवून तिला थांबवलं.

"वैनी, मी खिचडीला बोललो ते खोटं हुतं काय?"

"नाही," इरावती म्हणाली. "चिकटच होती."

"मग? चिकट तर चिकट. पुढच्या बारीला पाणी कमी घालायचं. त्यापायी एवढं रामायण?" ते थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले आणि साबुदाण्याचा डबा कुठं आहे ते विचारायला लागले. त्या संध्याकाळी त्यांनी तिच्याकडून तीनदा खिचडी करून घेतली. आम्ही ती पुढं रविवारपर्यंत खाल्ली.

सगळ्यात मोठा बदल गटात झाला. आण्णांना वाटायला लागलं की आक्कांच्या हातचं जगाला कळत नाही, याला आपणच जबाबदार आहोत. त्याची भरपाई म्हणून एका शनिवारी त्यांनी राजारामपुरीतल्या दुकानाच्या दारात उभं राहून विक्री करायचं पत्करलं. संध्याकाळी बयाबाई माल बघायला गेल्या तर फळ्या रिकाम्या. त्यांना वाटलं, सगळं खपलं. खपलं नव्हतं. "पावणं, चव तर बघा," म्हणत आण्णांनी दिवसभरात सगळ्या वड्या, सगळे लाडू आणि दोन किलो चकली रस्त्यानं जाणाऱ्या लोकांना खायला घातली होती. समोरच्या बँकेतल्या लोकांना तर खुर्चीपर्यंत नेऊन दिलं होतं.

गटाची बैठक बसली. काही बायकांचं म्हणणं पडलं की आण्णांना घरी पाठवावं. शेवटी बयाबाईंनी ठराव मांडला की माणूस मनानं चांगला आहे, पण त्याच्या हाताला तयार पदार्थ लागू द्यायचा नाही.

आता चटणीचा हंगाम चालू आहे. घरोघरी मिरच्या वाळत पडल्यात, मिरची कुटायच्या डंकावर नंबर लागलेत, आणि कॉलनीत जो तो शिंकत हिंडतोय. कालच शाळेतून येताना मी गटाच्या शेडावरून आलो. आत पंधरा बायका खोबरं किसत होत्या, मिरच्या निवडत होत्या, आणि मधोमध गोणपाटावर लसणाच्या ढिगाऱ्यासमोर आण्णा बसले होते. नखं पिवळी झालेली, मिशीत लसणाची सालं अडकलेली. त्यांच्यामागं उभ्या राहून आक्का त्यांनी सोललेल्या पाकळ्या तपासत होत्या आणि नीट न सोललेल्या परत त्यांच्या पुढ्यात टाकत होत्या.

"सर!" त्यांनी मला आतूनच हाक मारली. "आत या की. हात दोन असतील न्हवं? भूमिती नंतर बघू."

मी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.